इस्त्रीच्या खोलीतली कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझी पाठ उसवली आहे, कोपरे झिजून गोल झाले आहेत आणि पानांना कसर लागली आहे. तुम्ही मला हातात घेतलंत तर आधी फुंकर माराल, मग शिंकाल आणि बहुतेक परत जागेवर ठेवून द्याल. मी रागावणार नाही. या वयात रागावणं झेपत नाही. पण थोडा वेळ असेल तर बसा. सांगण्यासारखं माझ्याजवळ फार नाही, पण जे आहे ते सांगून टाकते. म्हणजे मी सुटले.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे यंत्राच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू जात नसे. छापलेले मोठमोठे कागद एका लांब टेबलावर येत. तिथे काही बायका त्यांच्या घड्या घालत, घड्या एकावर एक रचत आणि जाड दोऱ्याने शिवत. मग एका म्हाताऱ्या बाइंडरने माझ्या पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि मला इतर पुस्तकांबरोबर दाबाखाली ठेवलं. नवी होते तेव्हा मी ताठ होते. उघडताना करकर वाजायची. मला त्याचा अभिमान होता.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आधीच सांगायला हवी. पुस्तकाला स्वतःची अक्षरं दिसत नाहीत. तुम्हाला तुमची पाठ दिसते का? तसंच आहे ते. कुणी मोठ्याने वाचलं, तरच मला कळतं की माझ्या पोटात काय आहे. नाहीतर मी आपली कागदाचा गठ्ठा.

आणि माझी पहिली कितीतरी वर्षं गठ्ठा म्हणूनच गेली. एका समारंभात मला एका वकीलसाहेबांच्या हातात भेट म्हणून देण्यात आलं. त्यांनी घरी येऊन मला काचेच्या कपाटात उभं केलं. कपाट सुंदर होतं. रोज पुसलं जायचं. पाहुणे येत, काचेतून माझ्याकडे बघत आणि विचारत, “ही कशी आहे हो?”

“उत्तम आहे,” वकीलसाहेब म्हणत. “वाचायलाच हवी अशी.”

त्यांनी माझं पहिलं पानसुद्धा उघडलं नव्हतं. पाहुणेही मान डोलवत, कारण त्यांनाही काही वाचायचं नव्हतं. स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले. कशाची स्तुती चालली आहे हेच मला माहीत नव्हतं. काचेच्या आत मी हळूहळू पिवळी पडत गेले.

पुढे वकीलसाहेब गेले. मुलांनी घर आवरायला काढलं आणि कपाटासकट आमची सगळ्यांची रवानगी रद्दीच्या दुकानात झाली. तिथे आम्हाला सुतळीने असं आवळून बांधलं की माझी जुनी शिवण एका जागी तुटली आणि शेवटची पानं सुटून बाहेर लोंबायला लागली. दुकानदाराने ती ओढून काढली आणि त्यांच्या पुड्या बांधल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या लेखी सगळा कागद सारखाच. पण माझ्या गोष्टीचा शेवट त्या दिवशी गेला तो गेलाच. गंमत म्हणजे मला स्वतःलाच तो माहीत नव्हता.

रद्दीच्या त्या ढिगाऱ्यातून मला एका बाईने उचललं. ती एका लाँड्रीत कामाला होती. तिच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिने मला तिथेच उभ्या उभ्या उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि दुकानदाराला म्हणाली, “ही घेऊ का? चादरीच्या गठ्ठ्यात घालून नेते, कुणाला अडचण नाही.” दुकानदाराने हातानेच ‘ने’ म्हटलं. अशी मी माझ्या खऱ्या घरी आले.

ती लाँड्री म्हणजे तुम्ही कोपऱ्यावर बघता तसलं छोटं दुकान नव्हतं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि रुग्णांचे कपडे तिथे धुवायला येत. खाली हौद आणि भट्टी. वर लांबलचक इस्त्रीची खोली. खोलीत ओळीने टेबलं, टेबलांवर जाड घोंगड्या अंथरलेल्या आणि छपराला लटकणाऱ्या वायरींना जोडलेल्या इस्त्र्या. खिडक्या उघड्या असल्या तरी हवा कायम दमट असायची. मला ती सोसायची नाही. माझी पानं फुगली, पुठ्ठ्याला पोक आलं. तरीही खरं सांगते, काचेच्या कपाटापेक्षा मी तिथे सुखी होते.

चष्मेवालीचं काम इस्त्रीचं नव्हतं. ती खिडकीपाशी शिलाई मशीन घेऊन बसे आणि फाटलेल्या चादरींना ठिगळं लावी. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका तिच्याभोवती डबे उघडून बसत. त्यांच्यात एक आक्का होती. वयाने मोठी, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून चलाख. इस्त्रीच्या खोलीत कुणी कुठे उभं राहायचं इथपासून कुणी कुणाशी लग्न करायला नको होतं इथपर्यंत सगळ्या गोष्टींवर आक्काचं मत तयार असे.

चष्मेवालीने मला पहिल्या दिवशी बाहेर काढलं, तेव्हा आक्का म्हणाली, “हे काय आणलंस? पाठ्यपुस्तक?”

“कादंबरी आहे. वाचू का?”

“वाच की. नाहीतरी तू जेवताना गप्प बसलीस की आम्हाला चुकल्यासारखं होतं.”

आणि तिने वाचायला सुरुवात केली. मित्रांनो, त्या दिवशी मी माझी गोष्ट पहिल्यांदा ऐकली. इतकी वर्षं पोटात घेऊन फिरत होते ती गोष्ट.

ती अशी होती. नदीकाठच्या एका गावात एक मास्तरीणबाई असते. तिची बहीण बाळंतपणात जाते. बहिणीचा नवरा त्या दुःखात आणि दारिद्र्यात कोलमडतो, तान्ही मुलगी मास्तरीणबाईच्या हाती देतो आणि गाव सोडून जातो. मास्तरीणबाई लग्न करत नाही. शाळा आणि ती मुलगी, एवढंच तिचं जग. मुलगी तिलाच आई म्हणते. आणि मग, मुलगी चांगली शहाणी झाल्यावर, एक दिवस तो बाप परत येतो. दारात उभा राहतो आणि म्हणतो, माझी मुलगी मला द्या.

रोज थोडंथोडं वाचून व्हायचं. चष्मेवालीचा आवाज काही खास नव्हता. मध्येच घास गिळायची, मध्येच पाणी प्यायची. पण तिला एक चांगली सवय होती. एखादा प्रसंग संपला की ती बोट पानात ठेवून मला मिटायची आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघून विचारायची, “काय वाटतं?”

बस, एवढं विचारायचा अवकाश. सगळ्या एकदम बोलायला लागायच्या. मास्तरीणबाईने हेडमास्तरांना लग्नासाठी ‘हो’ म्हणायला हवं होतं की नाही. तिची शेजारीण खरंच वाईट आहे की तिला तसं दाखवलंय. जणू ती सगळी माणसं पलीकडच्या गल्लीत राहत होती. खालून भट्टीवाले काकाही वर येऊन दाराच्या चौकटीला टेकायचे. ते म्हणायचे, “मी ऐकायला नाही आलो. पाय मोकळे करायला आलो.” पण त्यांचे पाय नेमके त्याच वेळी आखडलेले असत आणि शेजारणीबद्दल त्यांची मतं आक्काइतकीच ठाम होती.

या सगळ्यांत एकच बाई कधी बोलत नसे. तिला सगळ्या अबोली म्हणत. तिला वाचा होती, कानही होते, पण ती ‘हो’, ‘नाही’ आणि ‘असू दे’ याच्या पुढे जात नसे. चादरींच्या घड्या घालण्यात तिच्यासारखी कुणी नव्हती. मोठी चादर घडी करायला दोघी लागतात. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, मग झटकायची, ताणायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. आक्काची जोडीदार अबोलीच असे. आक्का म्हणायची, “मला हीच बरी. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं. काम पटापट होतं.”

चष्मेवालीने ‘काय वाटतं’ विचारलं की अबोली डब्याचं झाकण पुसत बसे. कुणी तिला विचारतही नसे. विचारून उपयोग नाही, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मग एक दिवस मी संपले. म्हणजे जिथे माझी पानं संपत होती, तिथवर वाचन आलं. बाप दारात उभा आहे, मास्तरीणबाई उंबरठ्यावर आहे, आतल्या खोलीत मुलगी अभ्यास करते आहे. मास्तरीणबाई मागे वळून बघते आणि... चष्मेवालीने पान उलटलं तर पुढे नुसता पुठ्ठा. बाकीची पानं फाटलेली आहेत हे तिला ठाऊक होतं, पण आणताना तिला ती फार नसतील असं वाटलं होतं.

“मग?” आक्का म्हणाली.

“मग काही नाही. पुढचं नाही यात.”

“नाही म्हणजे? इतके दिवस आम्हाला झुलवलंस आणि आता नाही?”

मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की काय सांगू. पण लाजायला वेळच मिळाला नाही, कारण खोलीत वाद पेटला होता. पुढे काय झालं असेल, आणि काय व्हायला हवं होतं. सुट्टी संपली, डबे धुऊन झाले, इस्त्र्या पुन्हा तापल्या, तरी तो वाद थांबेना. मी शिलाई मशीनवर पालथी पडून ऐकत होते.

“देईल ती मुलगी,” भट्टीवाले काका जाता जाता म्हणाले. “बाप आहे शेवटी. त्याचा हक्क आहे.”

“हक्क म्हणे,” आक्काने चादर झटकली. तिची पलीकडची दोन टोकं अबोलीच्या हातात होती. “दुखणी कुणी काढली? शाळेत कुणी घातलं? हा कुठे होता तेव्हा? पोटचं पोर दुसऱ्याच्या दारात ठेवून जाणाऱ्याला माणूस तरी म्हणावं का? माझं विचाराल तर मास्तरणीने दार लावून घ्यायला हवं. तोंडावर.”

“बरोबर आहे,” दोघी-तिघी म्हणाल्या.

चादर ताणलेली होती. आता आक्का आणि अबोलीने एकमेकींकडे चालत यायचं होतं. आक्का निघाली, पण अबोली जागची हलली नाही. मधली चादर सैल पडली आणि जमिनीला टेकायला लागली.

“त्याला रोज आठवत असेल,” अबोली म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही की हे कोण बोललं.

“कुणाला?” चष्मेवालीने विचारलं.

“त्या बापाला. पोर कुणी हौसेने देत नाही. द्यावं लागतं.” तिने टोकं घट्ट धरली होती. “मी दिलं आहे. मला माहीत आहे.”

इस्त्र्या थांबल्या. कुणी ‘काय’ विचारलं नाही, कुणी जवळही आलं नाही. चष्मेवाली तर मशीनच्या चाकावरचा हात काढायचाही विसरली. त्यांनी नुसती वाट बघितली. मला वाटतं, त्या वेळी ते फार बरं झालं.

मग अबोलीने सांगितलं. अडखळत, चादरीकडे बघत. मुलगी झाली आणि लगेच तिला छातीचं दुखणं लागलं. नवरा आधीच निघून गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बाळ जवळ ठेवायचं नाही, त्यालाही लागेल. थोरल्या बहिणीला मूल नव्हतं. ती येऊन बाळ घेऊन गेली. अबोली बरी व्हायला फार वेळ लागला. बरी होऊन ती बहिणीच्या दारात गेली, तेव्हा मुलगी चालायला लागली होती. मुलगी बहिणीला आई म्हणत होती आणि अबोलीला बघून तिच्या पदराआड लपली.

“मग?” आक्काने विचारलं. तिचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता.

“मग काय. तिला परत ओढून आणून रडवू कशी? मी मावशी झाले. इथून सुटले की रोज जाते. बसते थोडा वेळ. येते.” तिने हातातली टोकं जुळवली. “तो बाप चुकला असेल. पण त्याने मुलगी मागितली तरी. माझ्याने तेवढंही झालं नाही.”

आक्का एरवी बोलण्यात हार जाणारी नव्हती. पण त्या वेळी चादर हातात गोळा करत ती अबोलीपर्यंत चालत गेली आणि तिच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. घडी पार बिघडली होती. दोघींनी ती चादर पुन्हा उलगडली आणि पहिल्यापासून घातली.

संध्याकाळी बायका निघाल्या तेव्हा अबोली चष्मेवालीपाशी आली. “हे पुस्तक एक दिवस नेऊ?”

“ने की. पण तुला वाचता येतं?”

“मला नाही. तिला येतं.”

अशी मी अबोलीच्या पिशवीतून तिच्या बहिणीच्या घरी गेले. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक पलंग, एक टेबल आणि टेबलावर वह्यांची चळत. मुलगी शाळेच्या वरच्या वर्गात होती, उंच, सडपातळ, कपाळावर आठी घालून गणितं सोडवणारी. आत बहीण स्वयंपाक करत होती. तिने अबोलीला हाक मारून पाणी दिलं आणि पुन्हा आत गेली. रोजचंच असावं ते.

अबोलीने मला मुलीसमोर ठेवलं. “शेवटचं थोडं वाचून दाखवतेस?”

मुलीला नवल वाटलं. मावशीने आजवर तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिने मला मांडीवर घेतलं, आधी गोष्ट काय आहे ते विचारून घेतलं. अबोलीने सांगितली. मग मुलीने तो दारातला प्रसंग वाचला. तिचा आवाज स्पष्ट होता. पानं संपली तशी तिने मला उलटंसुलटं करून बघितलं.

“पुढचं फाटलंय, मावशी.”

“हो. आमच्याकडे सगळ्या त्यावरूनच भांडतायत. द्यायला हवी की नको.” अबोलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुला काय वाटतं?”

मुलगी विचार करत राहिली. “मला वाटतं, त्या पोरीला कुणी विचारलंच नाही. ती आत बसली आहे. तिला सगळं ऐकू येत असणार. पुस्तकभर मोठी माणसंच बोलतायत. हा म्हणतो माझी, ती म्हणते माझी. तिला कुणीतरी विचारायचं ना.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असती?”

मुलीने बोट पानात ठेवून मला मिटलं. मला तिच्या मनगटाची नाडी जाणवत होती.

“म्हणाली असती, मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“सगळंच. कधीपासून माहीत आहे, मावशी. आईनेच सांगितलं होतं, लहान होते तेव्हा. म्हणाली, ती आपणहून बोलेपर्यंत तू विषय काढू नकोस, तिला त्रास होईल. म्हणून मी नाही काढला.”

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

अबोलीने बोटाभोवतीचा पदर सोडला. मग ती म्हणाली, “मला वाटायचं, तुला कळलं तर राग येईल.”

“आला होता. सहावीत असताना. खूप आला होता.”

“मग?”

“मग तू रोज येत होतीस. रोज येणाऱ्या माणसावर किती दिवस रागवायचं?”

अबोली रडली. मोठ्याने नाही. मुलगी मला मांडीवरून न काढताच तिच्याकडे सरकली, त्यामुळे मी दोघींच्या मधे चेंगरले आणि माझं एक पान दुमडलं. ते अजून तसंच दुमडलेलं आहे. बहीण दारात येऊन उभी राहिली. डोळे तिचेही ओले होते, पण ती एवढंच म्हणाली, “पानं वाढली आहेत. जेवून जा आज.”

मुलगी त्यानंतरही तिला मावशीच म्हणत राहिली. नावं इतक्या वर्षांनी कुठे बदलतात? पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या खोलीत चष्मेवालीने मला हातात घेऊन विचारलं, “मग? काय म्हणाली?” तेव्हा अबोलीने डब्याचं झाकण खाली ठेवलं आणि सगळ्यांकडे बघून सांगितलं, “माझी मुलगी म्हणाली, त्या पोरीला कुणी विचारलंच नाही.”

आक्काने घास तोंडात नेता नेता थांबवला. “खरंच की,” ती म्हणाली. “आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही हे.” आणि थोड्या वेळाने, डब्यात बघतच, “हुशार आहे तुझी मुलगी.”

दार तोंडावर लावायला हवं, असं आक्का त्यानंतर कधी म्हणाली नाही.

माझ्या सांगण्यासारख्या दिवसांपैकी अजून एक उरला आहे. आमच्या वादाची बातमी चादरी पोहोचवणाऱ्या गाडीवाल्याबरोबर हॉस्पिटलात पोहोचली होती. एका नर्सने वसतिगृहात असताना मला, म्हणजे माझ्याबरोबर छापलेल्या एखाद्या बहिणीला, पूर्ण वाचलं होतं. ती चादरींचा हिशेब जुळत नाही असं निमित्त काढून स्वतः आली आणि तिने सगळ्यांना शेवट सांगितला. मास्तरीणबाई मुलीला बापाबरोबर पाठवते. दोघांना घेऊन होडी निघून जाते. मास्तरीणबाई शाळेत परत येते आणि फळ्यावर तारीख लिहिते. संपलं.



“एवढंच?” आक्का म्हणाली. “एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक?”

“मी तर रडले होते,” नर्स म्हणाली.

“रडू काय, कांदा चिरला तरी येतं. त्या पोरीला विचारलं का कुणी?”

नर्स गोंधळली. “नाही. तसं काही नाही त्यात.”

“मग लिहिणाऱ्याला काही कळलेलं नाही,” आक्काने निकाल दिला. काकांचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते बापाला शाळेत शिपाई ठेवायला हवं होतं, म्हणजे सगळेच एका जागी राहिले असते. चष्मेवालीला तो फळ्यावरचा शेवट आवडला आणि ती एकटी त्याच्या बाजूने भांडली. अबोलीही बोलली. दोनच वाक्यं, पण बोलली. नर्स निघायची थांबली, तिने स्टूल ओढलं, आणि चादरींचा हिशेब तसाच राहिला. नंतर ती हॉस्पिटलच्या कपाटातल्या जुन्या कादंबऱ्या आणून देऊ लागली. माझी पाळी संपली. मी मशीनच्या खणात गेले. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण खणात असले तरी ‘काय वाटतं?’ ऐकू यायचं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आता दम लागतो. हॉस्पिटलने धुण्याची, वाळवण्याची आणि घड्या घालण्याची मोठी यंत्रं घेतली. लाँड्री बंद पडली. इस्त्र्या निघाल्या, वायरी निघाल्या, बायका पांगल्या. आक्का मुलाकडे दुसऱ्या गावी गेली. अबोली बहिणीच्या घरीच राहायला गेली, असं ऐकलं. चष्मेवाली मला घरी घेऊन आली. पण तिच्या घरी दुपारी जेवायला ती एकटीच असे. काही दिवस तिने मला मोठ्याने वाचलं. प्रसंग संपला की सवयीने चष्म्यावरून समोर बघायची. समोर भिंत. हळूहळू तिने वाचणं सोडलं. डोळ्यांचं निमित्त होतं, पण मला कारण माहीत आहे.

तीही गेली. आता मी एका मोठ्या इमारतीच्या खाली, वॉचमनच्या केबिनमधल्या कपाटात आहे. घरात नको झालेली पुस्तकं लोक तिथे आणून टाकतात. आम्ही पुष्कळ जण आहोत. कपाटावर पाटी आहे, ‘पुस्तके मोफत न्यावीत’. लोक लिफ्टची वाट बघताना पाटी वाचतात. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते आणि आम्ही एकमेकांना चिकटून बसतो. अधूनमधून कुणीतरी मला काढतं, वास घेतं, शेवटी पानं नाहीत हे बघतं आणि ठेवून देतं. मला आता उभं राहवत नाही. मी शेजारच्या पुस्तकाला टेकून असते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी पुस्तकं म्हणतात, आम्हाला कव्हर घाला, आमची पानं दुमडू नका, आम्हाला वाळवीपासून जपा. मीही म्हणाले असते. पण माझ्या अंगावरची जी घडी मला सगळ्यांत आवडते, ती दोन माणसांच्या मधे चेंगरून पडली आहे. आणि ज्या घरात मला कुणी बोट लावलं नाही, तिथेच मी पिवळी पडले. तेव्हा कव्हराचं तुमचं तुम्ही बघा. मी थकलेली आहे, मला एकच मागायचं आहे. माझ्यासारखं एखादं पुस्तक वाचलंत तर ते मिटून गप्प बसू नका. जवळ जे कुणी असेल, आई, आजोबा, कामावरची एखादी बाई, त्यांना गोष्ट सांगा आणि विचारा, तुम्हाला काय वाटतं. जे कधीच बोलत नाहीत, त्यांनाही विचारा. आणि विचारल्यावर लगेच पुढचं पान उलटू नका. बोट पानात ठेवून जरा थांबा. काही माणसांना बोलायला वेळ लागतो.